वाघनख आणि पट्टा

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. मावळातील सवंगडी जमवून त्यांनी तरुणपणीच स्वराज्याचा पाया घातला. हे राज्य वाढू लागले, तेव्हा ते मोडून काढण्यासाठी विजापूरच्या आदिलशाहीने १६५९ साली अफझलखान या बलाढ्य सरदारास मोठ्या फौजेनिशी पाठविले.

उघड्या मैदानात त्या फौजेपुढे टिकाव लागणे कठीण होते. म्हणून महाराजांनी जावळीच्या घनदाट अरण्यातील प्रतापगडाचा आश्रय घेतला आणि गडाच्या पायथ्याशी भेट ठरविली. भेटीत दगा होण्याचे भय होते. महाराजांचे बरेवाईट झाले असते, तर कोवळे स्वराज्य पोरके झाले असते. म्हणून आपल्यामागे राज्य कसे चालवावे, याचीही व्यवस्था त्यांनी आधीच लावून ठेविली.

१० नोव्हेंबर १६५९ हा भेटीचा दिवस. महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत व मंदिलाखाली लोखंडी टोप घातला. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीप्रमाणे त्यांच्या उजव्या हाती बिचवा आणि डाव्या हाती वाघनख होते. वाघनख म्हणजे पोलादी पट्टीवर बसविलेली चार-पाच वाकडी, अणकुचीदार नखे. पट्टीच्या टोकांना असलेल्या कड्यांत बोटे घातली, की नखे तळहातात लपतात. मूठ मिटली असता बाहेर केवळ अंगठ्या दिसतात!

भेटीच्या वेळी खानाने महाराजांची मान काखेत दाबून कुशीवर कट्यारीचा वार केला. परंतु तो चिलखतावरून निसटला. तोच महाराजांनी वाघनख खानाच्या पोटात चालविले आणि पाठोपाठ बिचव्याचा वार केला. सय्यद बंडा महाराजांवर धावून आला, तेव्हा जिवा महाला याने त्यास ठार केले. इशारतीची तोफ होताच रानात दबा धरून बसलेले मावळे खानाच्या फौजेवर तुटून पडले. वैर मृत्यूबरोबर संपते, हे जाणून महाराजांनी खानाचे दफन सन्मानाने करविले.

पुढे अकरा वर्षांनी याहून अगदी निराळा प्रसंग आला. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन महाराज बागलाणातून परतत होते. नाशिक जिल्ह्यात चांदवडच्या डोंगररांगेत कांचनबारी नावाची खिंड आहे. तेथे दाऊदखानाच्या मोगल फौजेने त्यांची वाट अडविली. महाराजांनी लुटीचा माल पुढे रवाना केला आणि स्वतः शत्रूस तोंड देण्यासाठी मागे राहिले. सभासद सांगतात, की महाराज अंगात बख्तर घालून, हाती पट्टे चढवून घोड्यावर स्वार झाले. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या मुठीची लांब, सरळ तलवार. ती लपविता येत नाही व लपविण्याचे कारणही नव्हते. दोन प्रहर युद्ध होऊन मोगलांचा पराभव झाला. हीच वणी-दिंडोरीची लढाई होय.

६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि तेथेच ३ एप्रिल १६८० रोजी त्यांचे निधन झाले.

लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील एक वाघनख २०२४ च्या जुलै महिन्यात साताऱ्याच्या संग्रहालयात पाहण्यासाठी ठेवण्यात आले. ते महाराजांनीच वापरले होते, असा निश्चित पुरावा नाही; तरीही ते पाहण्यास लोकांनी गर्दी केली. परंतु प्रतापगडचा विजय त्या चार नखांनी मिळविला नाही. योग्य जागेची निवड, सावध तयारी आणि विश्वासू माणसे ही त्या विजयाची खरी शस्त्रे होती. मुठीत मावणारे वाघनख केव्हा घ्यावे आणि उघडपणे पट्टा केव्हा चढवावा, हे ओळखणारी बुद्धी महाराजांपाशी होती. म्हणूनच दोन्ही शस्त्रे त्यांच्या हाती यशस्वी झाली.