किरकोळ म्हणून कॉलेजने नाकारलेला पोरगा भारतासाठी ऑलिम्पिक पदक घेऊन आला

अमेरिका, कॅनडात आईस हॉकीसाठी पोरं निवडायची एक मोठी यंत्रणा असते. संघांची माणसं गावोगाव फिरतात आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरांची उंची, वजन, ताकद, धडक मारायची तयारी असं सगळं वहीत लिहून घेतात. बचावपटू असेल तर आधी अंगकाठी बघतात. धिप्पाड असेल तर नाव वर, बारकं असेल तर खाली.

आपल्याकडे १९४०च्या दशकात अशी यंत्रणा नव्हती. पण बघणाऱ्याची नजर तीच होती, आणि त्या नजरेत खाशाबा दादासाहेब जाधव कधीच बसले नाहीत.

कराडपासून जवळ असलेलं गोळेश्वर हे त्यांचं गाव. तिथे १५ जानेवारी १९२६ ला त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना लाल मातीत उतरवलं. शाळा कराडचं टिळक हायस्कूल. १९४२च्या चळवळीत भूमिगत क्रांतिकारकांना आसरा देणं, निरोप पोचवणं ही कामंही या पोराने केली.

पुढे शिकायला ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांच्या काळापासून इथे तालमींना राजाश्रय. पैलवान म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर काय यायचं, तर सहा फूट उंची, रुंद छाती आणि जाडजूड मान. खाशाबांची उंची साडेपाच फुटांच्या आसपास आणि अंगानेही ते बारीक.

कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले, तर क्रीडा शिक्षकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नाव घ्यायलाच नकार दिला. दुसरा कुणी असता तर मान खाली घालून हॉस्टेलवर परतला असता. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. त्यांनी परवानगी दिली आणि ज्याचं नाव यादीत घ्यायला नको होतं त्याने एकामागोमाग एक कुस्त्या मारल्या.

आता प्रश्न पडेल की एवढ्या लहान चणीच्या माणसाकडे होतं तरी काय?

त्यांच्याकडे चपळाई होती आणि ढाक होती. ढाक म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं डोकं-मान कवेत पकडायची, कमरेचा टेकू द्यायचा आणि त्याला हवेतून फिरवून पाठीवर आपटायचं. समोरच्याचं वजन इथे त्याच्याच विरोधात जातं, म्हणून बुटक्या माणसाला हा डाव फळतो. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबांची ढाक घोटून तयार झाली होती. नंतर त्यांना पॉकेट डायनॅमो असं नाव पडलं ते यामुळेच.

१९४८ला लंडन ऑलिम्पिक आलं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा ५२ किलो गटात उतरले. पण तिथे माती नव्हती, मॅट होती. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. नियमही वेगळे. आपल्याकडची कुस्ती चीतपट होईपर्यंत चालते, तिथे गुण मोजले जायचे. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांची तयारी करून घेतली. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जेर्निगनला त्यांनी हरवलं, पण इराणच्या मन्सूर रईसीसमोर ते कमी पडले. नंबर आला सहावा.

मॅटवर आयुष्यात पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी हे भारीच होतं, पण खाशाबांना ते पुरेसं वाटलं नाही. पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवली, वजन वाढवलं आणि ५७ किलोच्या गटात आले.

आणि इथेच पुन्हा निवडीचं घोडं अडलं.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकआधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, असा खाशाबांचा आरोप होता. त्या एका गुणामुळे दार बंद होणार होतं. त्यांनी दाद मागितली ती पतियाळाच्या महाराजांकडे. महाराज कुस्तीचे शौकीन. त्यांनी चाचणीत लढायची संधी मिळवून दिली. खाशाबांनी समोरच्याला आपटला आणि गुणांच्या हिशोबाची गरजच उरली नाही.

निवड तर झाली, पण पैसे कुठून आणायचे?

गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. तरी रक्कम भरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि ७००० रुपये उभे केले. १९५२चे सात हजार! विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य आज शोधून सापडणार नाही.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा पोलिकिन, मेक्सिकोचा बासुर्टो आणि जर्मनीचा श्मिट्झ असे तिघे पाडले. मग जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत ते हरले. पुढे त्याच इशीने सुवर्ण नेलं. ही कुस्ती संपून अंगातला घाम वाळायच्या आत त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला जवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले.

कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं होतं, त्यामुळे देशभर चर्चा हॉकीचीच जास्त झाली. सातारा-कोल्हापूरकडे मात्र वातावरण वेगळं होतं. कराड स्टेशनवर त्यांना घ्यायला शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या. जे अंतर पंधरा मिनिटांत कापलं जायचं, त्याला त्या दिवशी सात तास लागले असं सांगतात.

सत्कार उरकल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं असेल? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

१९५५ला ते मुंबईत पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते राहून गेलं. नोकरीत कित्येक वर्षं बढती मिळाली नाही. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले, आणि पेन्शनसाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८२च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना सामील करून घेतलं, एवढीच काय ती आठवण ठेवली गेली. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले.

त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, तेही टेनिसमध्ये, लिएंडर पेसच्या रूपाने. मधली ४४ वर्षं यादीत एकटे खाशाबाच. तरी त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

२०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधल्या कुस्तीच्या हॉलला के. डी. जाधव यांचं नाव देण्यात आलं. भारतीय संघात कोण जाणार हे ठरवणाऱ्या निवड चाचण्या आता बऱ्याचदा याच हॉलमध्ये होतात.