कॅन्सरची मुळं उपटायला निघालेल्या डॉक्टरला खरं उत्तर काखेतल्या गाठींनी दिलं होतं

पायाला जखम झाली, ती पिकली, की दोन दिवसांत जांघेत अवधाण येतं. गावाकडे हा अनुभव घराघरात असतो. अवधाण म्हणजे सुजलेली लिम्फ नोड. शरीरभर पसरलेल्या बारीक नळ्यांमधून एक पातळ द्रव वाहत असतो आणि तो जागोजागी या गाठींमधून गाळला जातो. पायाचा द्रव जांघेतल्या गाठींत जातो आणि स्तनाचा बहुतेक द्रव काखेतल्या गाठींत.

म्हणूनच स्तनाचा कॅन्सर लवकर सापडला, तरी डॉक्टर हमखास विचारतात की काखेत काय आहे ? कॅन्सर घरातच आहे की उंबरा ओलांडून बाहेर पडलाय, याचा पहिला पुरावा तिथे मिळतो. आज त्यासाठी बहुतेक वेळा दोन-तीन गाठी काढून तपासल्या जातात. पण एक काळ असा होता की काखेतल्या सगळ्या गाठी, वर छातीचे स्नायूही काढून टाकले जायचे. ही पद्धत जगभर रुजवणाऱ्या माणसाचं नाव विल्यम स्टुअर्ट हॉलस्टेड.

जन्म १८५२ चा, न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत व्यापारी घरातला. येल कॉलेजात गडी फुटबॉल टीमचा कॅप्टन होता, अभ्यासात मात्र यथातथाच. शेवटच्या वर्षाला असताना त्याच्या हाती शरीरशास्त्राची पुस्तकं पडली आणि तिथून गाडीने रूळ बदलला. १८७७ मध्ये तो डॉक्टर झाला, मग दोन वर्षं युरोपात व्हिएन्नापासून हालेपर्यंत तेव्हाच्या दिग्गज सर्जनांच्या हाताखाली फिरला. जर्मनीत तेव्हा रुडॉल्फ विरशॉचा विचार जोरात होता. लिम्फ नोड ही चाळणी आहे, कॅन्सर काही काळ तिथे अडतो, असं तो विचार सांगायचा. हॉलस्टेडच्या डोक्यात हे पक्कं बसलं.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्याच्या धाडसाचे किस्से झाले. बाळंतपणानंतर बहिणीला भयंकर रक्तस्राव झाला, तेव्हा त्याने स्वतःचं रक्त काढून तिला दिलं. रक्तगट नावाची गोष्ट तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. बहीण वाचली. आईचं पित्ताशय पिकलं, तर रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तिचं ऑपरेशन केलं आणि सात खडे काढले. आईही वाचली.

मग १८८४ आलं. डोळ्यात कोकेनचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो, अशी बातमी युरोपातून आली. हॉलस्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोकेन टोचून नसा बधिर करण्याचे प्रयोग सुरू केले. प्रयोग कुणावर ? स्वतःवरच. आज दाढ काढताना हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्या तंत्राची सुरुवात इथली. किंमत मात्र जबर होती. त्याला कोकेनचं व्यसन लागलं. १८८५ मध्ये त्याने लिहिलेला एक लेख इतका विस्कळीत होता की वाचणाऱ्याला अर्थच लागत नाही. १८८६ मध्ये तो ऱ्होड आयलंडच्या बटलर हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी दाखल झाला. तिथे कोकेन सोडवण्यासाठी मॉर्फिन दिलं आणि तेही जडलं. मॉर्फिन पुढे त्याने आयुष्यभर लपवलं. मोजक्या मित्रांना माहीत होतं. त्यातल्या विल्यम ऑस्लरने लिहून ठेवलेली हकिकत १९६९ मध्ये उघड झाली, तेव्हा हॉलस्टेडला जाऊन ४७ वर्षं झाली होती.

या पडत्या काळात विल्यम वेल्च या मित्राने त्याला बाल्टिमोरला बोलावून घेतलं. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं आणि इथे एक वेगळाच हॉलस्टेड दिसू लागला. तो संथ, अबोल झाला होता आणि टाक्याटाक्याला जपायचा. ऑपरेशनच्या खोलीतली नर्स कॅरोलिन हॅम्प्टनचे हात जंतुनाशकाने सोलवटायचे, म्हणून त्याने गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. ऑपरेशन थिएटरमध्ये ग्लोव्हज आले ते असे.

आता मुख्य विषय. त्या काळी स्तनाची गाठ काढली तरी बहुतेक बायकांना त्याच जागी पुन्हा गाठ यायची. हॉलस्टेडचा हिशोब साधा होता. पाटाचं पाणी एक वाफा भरला की पुढच्या वाफ्यात जातं, तसा कॅन्सर स्तनातून काखेत, काखेतून मानेकडे आणि मग पुढे सरकतो. मग पुढचे वाफे आधीच खणून काढले तर ? त्याने पूर्ण स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी एकाच तुकड्यात काढायला सुरुवात केली. नाव पडलं रॅडिकल मॅस्टेक्टॉमी. यातल्या रॅडिकलचा मूळ अर्थ मुळापासून.

१८९४ मध्ये त्याने ५० रुग्णांचा हिशोब मांडला. त्याच जागी कॅन्सर परतलेल्या फक्त ३. जग थक्क झालं आणि सर्जनांची पिढीच्या पिढी या मार्गाला लागली. बाईचा खांदा आत ओढला जायचा, हात सुजून जड व्हायचा, पण जीव वाचतोय म्हटल्यावर बोलणार कोण ?

इथे एक मेख होती. त्याच जागी गाठ न येणं वेगळं आणि बाई जगणं वेगळं.

हे हॉलस्टेडच्या स्वतःच्या आकड्यांत दिसलं, आणि त्याने ते लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. १९०७ मध्ये त्याने रुग्णांची विभागणी गाठींप्रमाणे केली. ज्यांच्या काखेत आणि मानेत कॅन्सर नव्हता, त्यांच्यातल्या चारपैकी साधारण तिघी बऱ्या झाल्या होत्या. काखेत पोहोचला होता, तिथे हे प्रमाण बरंच घसरलं. मानेपर्यंत गेला होता, तिथे वाचलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ऑपरेशन सगळ्यांचं तेच, सर्जन तोच. फरक ठरवत होत्या त्या गाठी. म्हणजे गाठी काढून टाकण्यापेक्षा त्यांच्यात काय सापडलं याला जास्त किंमत होती. पण त्याच्या वाटेने जाणाऱ्यांनी उलटा अर्थ काढला आणि पुढे काही सर्जन बरगड्यांपर्यंत कापत गेले.

हॉलस्टेड १९२२ च्या सप्टेंबरमध्ये गेला. आईचे ज्या पित्ताच्या खड्यांसाठी ऑपरेशन केलं, तोच आजार त्यालाही झाला. त्याच्याच विद्यार्थ्यांनी त्याचं ऑपरेशन केलं, त्यानंतरच्या गुंतागुंतीत मृत्यू आला.

त्याची पद्धत मात्र आणखी पन्नास वर्षं टिकली. १९७१ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या पुढाकाराने तिची परीक्षा सुरू झाली. हाताला काखेत काही न लागणाऱ्या बायकांचे तीन गट केले. एका गटात हॉलस्टेडचं ऑपरेशन, दुसऱ्यात फक्त स्तन काढून काखेला रेडिएशन, तिसऱ्यात फक्त स्तन काढून काखेवर नजर. पहिल्या गटातल्या साधारण ४० टक्के बायकांच्या गाठींत कॅन्सर निघाला, म्हणजे तिसऱ्या गटातही तितक्याच जणींच्या काखेत तो असणार. तरी २५ वर्षांनंतर तिन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता. कॅन्सर पाटाने जायची वाट बघत नाही, तो रक्तातूनही थेट निघतो.

मग सगळी काख कशाला उकरायची ? १९९० च्या दशकात सेंटिनल नोड बायोप्सी आली. सेंटिनल म्हणजे पहारेकरी. स्तनात निळा रंग किंवा किंचित किरणोत्सारी द्रव टोचतात, तो सगळ्यात आधी ज्या गाठीत पोहोचतो ती आणि तशा एक-दोन गाठी काढून तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्या जागच्या जागी राहतात आणि हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी, जिथे किरणोत्सारी द्रव आणि तो शोधणारं यंत्र नाही तिथल्यासाठी, काखेच्या फक्त खालच्या भागातल्या गाठी काढून तपासायची सोपी पद्धत अभ्यासली आहे. पुढे तर ठराविक रुग्णांमध्ये पहारेकरी गाठींपैकी एक-दोनमध्ये कॅन्सर सापडला तरी उरलेली काख काढावी लागत नाही, हेही अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. त्या बायकांची फक्त गाठ काढून स्तन वाचवला होता आणि त्यावर रेडिएशन दिलं होतं.