देवळालीचे मास्तर आणि आकडेमोडीचा वेग

परीक्षा जवळ आल्या की आमच्या बाह्यरुग्ण विभागात डोकेदुखी, धडधड, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन मुले येतात. अभ्यास झालेला असतो, पण आकडेमोड वेळेत होत नाही, ही धास्ती असते. अशा वेळी मला आपल्या देवळालीचे कापरेकर मास्तर आठवतात.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. ठाण्याला शाळेत असतानाच हिशेबाच्या युक्त्या आणि कोडी यांत ते तासन्‌तास रमत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले. अनेक गणितज्ञांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. मास्तरांनी मात्र संख्यांची संगत सोडली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि जगाने दखल घेतली. १९८६ मध्ये देवळालीतच ते वारले.

१९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हीच संख्या येते.

यात वैद्यकाचा काय संबंध? तोंडी हिशेब करताना मेंदू हातचे आणि मधली उत्तरे एका तात्पुरत्या फळ्यावर धरून ठेवतो. हा फळा लहान असतो आणि भीती त्यातलीच जागा खाते. पाढे पाठ असतील तर उत्तर कायमच्या स्मृतीतून येते, फळा मोकळा राहतो. ही स्मृती पक्की होते ती थोड्या थोड्या रोजच्या सरावाने आणि पुरेशा झोपेने. म्हणून झोप मोडून घड्याळ लावून बसलेले मूल अनेकदा अधिकच अडखळते.

मुलांना मी सांगतो, आधी अचूकता, मग घड्याळ. तीसपर्यंतचे पाढे आणि वर्ग पाठ करा. रोज दहा मिनिटे मास्तरांचा खेळ कागदाशिवाय खेळून पाहा. सात पायऱ्यांत ६१७४ आले नाही तर चूक आपली, ती शोधायची. तपासायला दुसरे कोणी लागत नाही. सुरुवात मास्तरांच्या जन्मसालाने करा. १९०५ ला बरोबर सात पायऱ्या लागतात. आणि रात्री वेळेवर झोपा.