संत जुझे वाझ

गोव्यांतील बाणावली गांवीं १६५१ सालीं जन्मलेले हे धर्मगुरु १६८७ त मजुराच्या वेषांत सिंहलद्वीपांत उतरले. डच सत्तेनें तेथें कॅथलिक उपासनेस बंदी केली होती. आरंभींच अतिसारानें ते मरणोन्मुख झाले. बरे होतांच गळ्यांत रोजरीची माळ घालून दारोदार भिक्षा मागत, लपलेले ख्रिस्ती ते हुडकूं लागले.

१६९२ त हेर समजून कँडीच्या राजानें त्यांस बंदींत टाकिलें. आम्हांस त्यांच्या चरित्रांतील हाच काळ अधिक मोलाचा वाटतो. कारण बंदींतच ते सिंहली भाषा शिकले. श्रद्धा होतीच, आतां तिला त्या लोकांची वाणी लाभली. पुढें १६९७ त देवीची सांथ आली, तेव्हां आप्तांनींही टाकिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनीं केली, मृतांस मूठमाती दिली. राजानें तें पाहिलें.

गोव्यास ते परतले नाहींत. १७११ च्या जानेवारींत कँडींतच त्यांचें देहावसान झालें.