उदय शंकर

उदय शंकर (८ डिसेंबर १९०० – २६ सप्टेंबर १९७७) हे भारतीय नर्तक, नृत्यरचनाकार व नृत्यशिक्षक होते. भारतातील आधुनिक सर्जनशील नृत्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. पाश्चात्त्य देशांत भारतीय नृत्याला लोकप्रियता मिळवून देणारे कलावंत म्हणून ते प्रसिद्ध असले, तरी अल्मोडा येथील केंद्रात त्यांनी विकसित केलेली नृत्यशिक्षणाची पद्धती हेही त्यांचे तितकेच महत्त्वाचे कार्य होय.

प्रारंभिक जीवन

उदय शंकर यांचा जन्म राजस्थानातील उदयपूर येथे एका बंगाली कुटुंबात झाला. वडील श्याम शंकर चौधरी हे संस्कृतचे विद्वान असून झालावाड संस्थानच्या सेवेत होते. आईचे नाव हेमांगिनी देवी. सुप्रसिद्ध सतारवादक रवि शंकर हे त्यांचे धाकटे बंधू. चित्रकलेची आवड असल्याने उदय शंकर यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिक्षण घेतले. १९२० साली ते लंडनला गेले व तेथील रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये विल्यम रोथेन्स्टाइन यांच्या मार्गदर्शनाखाली चित्रकला शिकू लागले.

नृत्यकारकीर्द

लंडनमध्ये रशियन बॅले नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हा यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १९२३ मध्ये पाव्हलोव्हा यांच्यासाठी त्यांनी राधा-कृष्ण व हिंदू विवाह या विषयांवरील नृत्यरचना केल्या आणि त्यांच्या संचाबरोबर दौराही केला. त्यानंतर काही वर्षे त्यांनी पॅरिसमध्ये काढली. १९३० मध्ये स्विस शिल्पकार अ‍ॅलिस बोनर यांच्यासह भारतात येऊन त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील नृत्ये आणि मंदिरशिल्पे पाहिली. पुढील वर्षी भारतीय नर्तक व वादकांचा त्यांचा संच पॅरिसच्या रंगमंचावर आला. फ्रेंच नर्तिका सिमकी या त्यांच्या प्रमुख सहनर्तिका होत्या, तर संगीताची बाजू तिमिर बरन व विष्णुदास शिराळी यांनी सांभाळली. युरोप व अमेरिकेतील या संचाचे दौरे अत्यंत यशस्वी ठरले.

अल्मोडा येथील केंद्र

१९३० च्या दशकाच्या अखेरीस उदय शंकर यांनी हिमालयाच्या कुशीत, अल्मोड्याजवळील सिमतोला येथे नृत्य, नाट्य व संगीत यांचे शिक्षण देणारे केंद्र स्थापन केले. इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉलचे संस्थापक एल्महर्स्ट दांपत्य यांचे या कामी साहाय्य लाभले. कथकळीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्प पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमोबी सिंग व संगीतासाठी अल्लाउद्दीन खाँ असे थोर गुरू तेथे होते. एरवी परस्परांपासून दूर राहिलेल्या परंपरा तेथे एकाच आवारात शिकवल्या जात. विद्यार्थीही निरनिराळ्या प्रांतांचे, भाषांचे व धर्मांचे होते.

शिक्षणपद्धती

उदय शंकर यांनी स्वतः लहानपणापासून कोणत्याही एका शास्त्रीय शैलीचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्यामुळे गुरूचे हुबेहूब अनुकरण हे त्यांच्या शिक्षणाचे अंतिम ध्येय नव्हते. विद्यार्थ्याने प्रथम स्वतःचे शरीर ओळखावे, यावर त्यांचा भर असे. साधे चालणे, उभे राहण्याची ढब, एकाग्रता व निरीक्षण यांपासून अभ्यासाला आरंभ होई. त्यानंतर दिलेल्या कल्पनेवर आयत्या वेळी स्वतःची हालचाल रचावी लागे. पारंपरिक शैलींचे पाठ याच्या जोडीने चालत. परंपरा शिकणे आणि स्वतःची अभिव्यक्ती शोधणे या दोन गोष्टी त्यांनी परस्परविरोधी मानल्या नाहीत.

समूहाने काम करणे हा या शिक्षणाचा दुसरा आधार होता. संगीत, वेशभूषा व प्रकाशयोजना यांचाही परिचय नर्तकांना करून दिला जाई. केंद्राने सादर केलेल्या रामलीलेत पांढऱ्या पडद्यामागील नर्तकांच्या छायांतून कथा उलगडे. एकट्या कलावंताच्या कौशल्यापेक्षा सर्वांच्या मेळावर हा प्रयोग अवलंबून होता. शास्त्रीय नृत्याच्या काही जाणकारांना मात्र शैलींचे असे मिश्रण मान्य नव्हते आणि त्यात व्याकरणाची शुद्धता राहत नाही, असा आक्षेप ते घेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्थिक अडचणींमुळे हे केंद्र बंद पडले.

उत्तरकाल

१९४२ मध्ये उदय शंकर यांचा विवाह नर्तिका अमला नंदी यांच्याशी झाला. आनंद व ममता ही त्यांची अपत्ये. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत तयार झालेला ‘कल्पना’ हा त्यांचा चित्रपट १९४८ मध्ये प्रदर्शित झाला. कलाकेंद्र उभारण्याचे स्वप्न पाहणाऱ्या नर्तकाची कथा त्यात असल्याने अल्मोड्याच्या अनुभवाचे प्रतिबिंब त्यात दिसते. १९६५ मध्ये त्यांनी कोलकात्यात नृत्यकेंद्र सुरू केले. पुढे त्याची धुरा अमला शंकर यांनी वाहिली. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकाता येथे उदय शंकर यांचे निधन झाले.

वारसा

अल्मोड्याचे केंद्र अल्पायुषी ठरले, तरी तेथील शिक्षण विद्यार्थी व सहकाऱ्यांनी पुढे नेले. शांती बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूपची, तर सचिन शंकर यांनी त्याच शहरात बॅले युनिटची स्थापना केली. नरेंद्र शर्मा यांनी दिल्लीत शाळकरी मुलांना सर्जनशील नृत्य शिकवले. केंद्रातील अध्यापिका जोहरा सेहगल यांनी रंगभूमीवर व चित्रपटांत, तर विद्यार्थी गुरुदत्त यांनी चित्रपट दिग्दर्शक म्हणून नाव मिळवले. एका केंद्रातून इतक्या भिन्न वाटांनी जाणारे कलावंत निघाले, हेच या शिक्षणपद्धतीचे वैशिष्ट्य मानता येईल.

सन्मान

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६०), संगीत नाटक अकादमीची फेलोशिप (१९६२), पद्मविभूषण (१९७१) व विश्वभारती विद्यापीठाची देशिकोत्तम पदवी (१९७५) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत.