किहीमचे खोपे आणि डॉ. सलीम अली

थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. सुमारे दहाव्या वर्षी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती, हे जाणून घेण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे गेले. तेथील पक्षिसंग्रह पाहून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

तारुण्यात ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायासाठी गेले. परंतु तेथे जम बसला नाही. मुंबईस परतून त्यांनी व्यापारी कायदा व हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले, तसेच प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ साली तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकले. मात्र १९३० साली परत येतात तो निधीअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

हाती नोकरी नाही, अशा कठीण प्रसंगी हे दांपत्य अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेले. तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी तिचे धीराने निरीक्षण केले. मराठीत आपण पक्ष्याला सुगरण म्हणतो खरे, पण खोपा विणतो तो नर. अर्धवट झालेला खोपा मादी पाहून जाते. तिने पसंत केला तरच नर तो पूर्ण करतो. मादी अंडी उबवू लागली की तो दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणावयास घेतो. या निरीक्षणांवरील लेखाने त्यांची विद्वानांत ख्याती झाली.

संग्रहासाठी पक्षी टिपण्याची त्या काळची शास्त्रीय रीत त्यांनीही अवलंबिली होती. परंतु किहीमच्या या शोधासाठी पाहणे, थांबणे आणि टिपून ठेवणे एवढेच पुरेसे ठरले.

१९३९ साली पत्नीच्या निधनाचे दुःख पचवून त्यांनी कार्य चालू ठेवले. १९४१ साली त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. पुढे डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण या किताबांनी त्यांचा गौरव झाला. गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनासाठी दिली. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

अलोरे परिसरातील भातखाचरांच्या कडेला पावसाळ्यात खोपा दिसला, तर क्षणभर थांबावे. न छेडता, न दुखवता केलेले निरीक्षण हीच या ज्ञानोपासकाला खरी आदरांजली ठरेल.