आयरा आल्ड्रिज

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाची ओळख आहे. इतरांनीं देवलांच्या ‘झुंझारराव’ नाटकाचें नांव तरी ऐकलें असेल. मूळ नाटकांतील मूर सेनापतीचें काम इंग्लंडांत दोनशें वर्षें गोरे नट चेहऱ्यास काळा रंग लावून करीत आले होते. तेथें हें काम करून नांव मिळविणारा पहिला कृष्णवर्णी नट म्हणजे आयरा आल्ड्रिज. त्याच्या चरित्राचा आरंभ मात्र न्यूयॉर्कमधील एका अल्पायुषी नाटकगृहापाशीं होतो.

आल्ड्रिजचा जन्म २४ जुलै १८०७ रोजीं न्यूयॉर्क येथें झाला. आईबाप स्वतंत्र होते, परंतु त्या राज्यांतील गुलामगिरी १८२७ पर्यंत पुरती गेली नव्हती. वडील उपदेशक, मुलानेंही तेंच कार्य करावें अशी त्यांची इच्छा. आफ्रिकन फ्री स्कूल या कृष्णवर्णी मुलांसाठीं चालविलेल्या शाळेंत त्याचें शिक्षण झालें. मुलाचें चित्त मात्र नाटकाकडे; आणि शहरांतील मोठ्या नाटकगृहांत त्याच्या लोकांस केवळ वरच्या सज्जांत जागा मिळे.

१८२१ सालीं विल्यम ब्राउन या कृष्णवर्णी गृहस्थानें आपल्या लोकांसाठीं प्रथम एक करमणुकीची बाग व मागाहून नाटकगृह काढलें. पूर्वीं तो जहाजावर नोकरीस होता. या संस्थेस आफ्रिकन ग्रोव्ह म्हणत. जेम्स ह्यूलेट हा तेथील मुख्य नट, आणि ‘तिसरा रिचर्ड’ हा त्यांचा गाजलेला खेळ. गोरे लोकही येऊं लागले. कांहीं तर निव्वळ दंगा करावयास. १८२२ सालीं पोलिसांनीं प्रयोग चालू असतां नटांस धरून नेलें, आणि पुन्हां शेक्सपियरचीं नाटकें करणार नाहीं असें कबूल करवून घेऊन सोडलें, अशी हकीकत तत्कालीन वृत्तपत्रांत आली होती. ही अट मला दंग्याहूनही क्रूर वाटते. नाचा, गा, हंसवा. परंतु राजाचें भाषण तुमच्या मुखीं नको! ब्राउननें कॅरिब लोकांच्या बंडावर स्वतः एक नाटक रचलें, पण त्याची संहिता आज उपलब्ध नाहीं. तीनएक वर्षांत सर्व कारभार आटोपला. आल्ड्रिजला नाट्यकलेचे पहिले धडे मिळाले ते याच मंडळींत.

मायदेशीं वाव नाहीं हें ओळखून तो १८२४ सालीं इंग्लंडास निघाला. पुढच्याच वर्षीं लंडनच्या एका लहान नाटकगृहांत त्यानें ऑथेल्लोचें काम केलें, तेव्हां त्याचें वय अवघें सतरा होतें. खरी कसोटी लागली १८३३ सालीं. कोव्हेंट गार्डनमध्यें एडमंड कीन हा विख्यात नट ऑथेल्लोचें काम करतांना रंगभूमीवरच कोसळला, आणि १० एप्रिल रोजीं तें काम आल्ड्रिजकडे आलें. गुलामगिरी रद्द करण्याचा वाद त्याच वर्षीं पार्लमेंटापुढें होता. कांहीं पत्रांनीं अभिनय बाजूस ठेवून त्याच्या वर्णावरच झोड उठविली. प्रेक्षकांनीं टाळ्या दिल्या, तरी दोन प्रयोगांनंतर त्याचें काम बंद झालें. मग जवळजवळ वीस वर्षें तो गांवोगांवीं फिरला. लियर, शायलॉक, मॅकबेथ हीं कामें चेहऱ्यास गोरा रंग लावून करूं लागला!

१८५२ पासून तो युरोपांत गेला. सोबतचे नट आपल्या भाषेंत बोलत, हा इंग्रजींत. तरी नाटकगृहें भरत. प्रशियाच्या राजानें त्यास सुवर्णपदक दिलें. १८५८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें युक्रेनियन कवि तरास शेव्चेन्को याच्याशीं त्याची गांठ पडली. हा कवि जन्मानें भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा, आणि दहा वर्षांची हद्दपारी भोगून नुकताच परतलेला. एकास दुसऱ्याची भाषा येत नसे. ओळखीच्या घरांतील मुली दुभाष्याचें काम करीत. शेव्चेन्कोनें त्याचें चित्र काढलें, तें आजही आहे. चित्र काढतांना दोघे आपापल्या लोकांचीं गाणीं एकमेकांस म्हणून दाखवीत.

अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं संपली. तिकडे दौरा काढण्याचा त्याचा विचार चालला होता. इतक्यांत ७ ऑगस्ट १८६७ रोजीं पोलंडांतील वूच शहरीं त्याचा अंत झाला. तेथेंच त्याची कबर आहे.

त्याची कन्या अमांडा लंडनला गायन शिकवीत असे. उपदेशकाचाच मुलगा असलेला पॉल रोबसन १९३० सालीं लंडनमध्यें ऑथेल्लो होणार होता, तेव्हां त्यानें तिच्यापाशीं उच्चारांचे धडे घेतले. पुढें १९४३ सालीं रोबसननें तेंच काम न्यूयॉर्कमध्यें केलें, आणि ज्या शहरांत ब्राउनच्या नटांस शेक्सपियर करण्याची बंदी झाली होती, तेथें त्या नाटकाचे २९६ प्रयोग झाले.